मामींची सीट

रिकाम्या गाडीत शिरण्याआधी "बसू का?" असं विचारणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात एकच, आणि तो म्हणजे माझ्या बायकोचे थोरले मामा. लातुरात भाड्याच्या विजेच्या सायकली आणि तासावर मिळणाऱ्या मोटारी एकाच अ‍ॅपवर आल्या, तेव्हा आम्हा सगळ्यांच्या आधी मामांनी ते अ‍ॅप घेतलं. चौकातून सायकल उचलायची, गाडीतळावर नेऊन लावायची, की तिथल्या मोटारीचं दार फोनवरच उघडतं. मामा मात्र दार उघडून पाच मिनिटं बाहेरच उभे. "आधीचा मानूस उतरू द्या की!" जन्मभर काळी-पिवळी जीपमध्ये अर्ध्या मांडीवर बसून प्रवास केलेल्या माणसाला दुसऱ्याच्या जागेचा केवढा मान! एकदा चढावर त्यांची सायकल रखडली. मामा, वजन कमी करा, असं मी म्हटलं, तर म्हणतात कसे, "हाव, पन डबलसीट हाय ना!" मी मागे पाहिलं. कॅरिअर रिकामं होतं. भर दुपारी माझ्या अंगावर काटा आला, आणि हसूही आलं.

डबलसीट म्हणजे मामी. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली होती. माहेर किल्लारीचं. एकदा तरी मोटारीत पुढे ऐसपैस बसून माहेरी जायचं, एवढी एकच हौस त्यांनी बोलून दाखवली होती, आणि ती राहूनच गेली. मामांना हे फार लागलं होतं. म्हणून दर रविवारी ही स्वारी किल्लारीला. मी पहिल्यांदा सोबत गेलो तेव्हा मला मागे बसवलं. औसा मागे पडलं आणि पुढच्या रिकाम्या सीटची बेल्टची घंटी टिणटिण वाजू लागली. सीटवर साधी पिशवीही नव्हती. मामांनी गाडी कडेला घेतली, बेल्ट ओढून खट्कन लावला. घंटी थांबली. "लई आळशी. जिपात कुठं व्हता बेल्ट?" म्हणत त्यांनी एसीही कमी केला, कारण मामींना गार सोसत नसे.

माझं शहाणपण असं, की घरी येऊन मी अ‍ॅपवर तक्रार टाकली: सीटचा सेन्सर बिघडला आहे. पुढच्या रविवारी गाडी तीच होती; औसा गेलं, किल्लारी आलं, घंटी वाजलीच नाही. मामा सारखे डावीकडे बघत होते. किल्लारीत त्यांनी नेहमीसारखं डावं दार उघडून धरलं, मग हळूच लावलं. "मागल्या ऐतवारी हितंच राहिली जनू. राहू द्या. म्हायेरपनाला आलीय." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काय केलंय ते सांगून टाकावं म्हणून फोन काढला, तर कंपनीचं उत्तर येऊन पडलेलं: गाडी तपासली, बिघाड आढळला नाही, काहीही बदललेलं नाही.

मी ते पुन्हा पुन्हा वाचत उभा होतो. मामा केव्हाच गाडीत जाऊन बसले होते. "जावईबापू, फुडं बसा," ते म्हणाले. "मोकळीच हाय." मी बसलो आणि बेल्ट लावला.