माकलाची शाई

सुमती गेली हे तिच्या लेकीनं, नलूनं, माझ्या दारात उभं राहून सांगितलं. मी तिला बस म्हणाले, पाणी दिलं. रडू आलं नाही. लाज आली... ती अजून गेलेली नाही.

त्रेसष्ट साली आम्ही दोघी चिंचवडच्या एकाच चाळीत आलो. नवरे एकाच कंपनीत. मी इथल्याच तळवड्याची, ती मालवणकडची, कोळ्याच्या घरातली. पहिल्याच महिन्यात तिचा भाऊ एसटीनं, बर्फात घालून माकूल घेऊन आला, समुद्रातला मासाच, पण मी कधी न पाहिलेला. हाड ना काटा, नुसतं मऊ अंग आणि तोंडाशी लोंबणारे पाय. ती चाळीच्या नळावर ते साफ करायला बसली आणि मोरीतून काळंभोर पाणी वाहिलं. माझं तान्हं मूल नुकतंच गेलं होतं. मी ओरडले, "ही बाई करणी करती."

ती घाबरून म्हणाली, "आक्का, करणी न्हय गो. माकलाची शाय ती. जीवार बेतला की सोडता नि पळता."

मी ऐकलं नाही. सगळ्या बिऱ्हाडांना गोळा करून तिला नळ बंद केला. दिवाळीपर्यंत ती लांबच्या विहिरीवरून पाणी आणत होती, नलू पोटात असताना.

तिच्या घरी पुन्हा मासा शिजला नाही. दोन वर्षांत ती आमच्यासारखं 'व्हय, न्हाई' बोलायला लागली. एकदा हळदीकुंकवाला मी टोमणा मारला, की रंग बदलायला कुठं शिकलीस गं?

ती हसली. "माकलाकडनं. वाळूत बसलं की वाळूचा रंग, खडकावर बसलं की खडकाचा. त्याच्या अंगावर शिंपला न्हाई, आक्का. रंग न्हाई बदलला तर खातील की त्याला."

बायका हसल्या, मीही हसले. माझ्या कपाळाला कुंकू लावून ती पुढच्या बाईकडे वळली.

पुढची माझी दोन्ही बाळंतपणं तिनंच काढली. चूक माझी होती हे मला केव्हाच कळलं होतं. तिला तसं म्हटलं मात्र नाही...

तेराव्याला तिच्या आवडीचं पान वाढायचं होतं. नलूनं विचारलं, "मावशी, आईला काय आवडायचं गं? माशाचा तर तिला वाससुद्धा खपायचा नाही."

माकलाचं कालवण, हे मला ठाऊक होतं. चार माणसं बसली होती. मी म्हणाले, पुरणपोळी कर.

तिनं केली. पानावर पोळी वाढून तुपाची धार सोडली आणि हात जोडले. मी तिथं बसून जेवले. नलूला अजून खरं सांगितलेलं नाही. हे छापून आलं की कळेल. तोंडानं सांगायची हिंमत झाली नाही.