चीफ, बॅट टाका!

दोन वर्षं एकाच संघाबरोबर शनिवारच्या सकाळी घालवल्या की किस्से साठतातच. फ्रीजमध्ये उरलेल्या चटण्यांच्या वाट्या साठतात तसे. मग एक दिवस सगळं बाहेर काढावं लागतं. आमचा नवा सीझन पुढच्या शनिवारी सुरू होतोय, आणि ग्रुपवर "केतकी, यंदाचं भाकीत कुठंय?" असा तगादा चाललाय. भाकीत देते. पण आधी या वाट्या रिकाम्या करू द्या.

२०१४ साली ओहायोतलं कॉलेज संपवून मी सिंगापूरला परत आले, तेव्हा माझ्या डोक्यात चित्र पक्कं होतं. बुकित बातोकला आमच्या ब्लॉकमागच्या, म्हणजे इमारतीमागच्या, मैदानावर बेसबॉलचा संघ उभा राहणार. चिनी, मलय, तमिळ, मराठी, सगळ्या घरची मुलंमुली एकत्र धावणार. खेळाने शेजारी एकमेकांचे होतात यावर माझा विश्वास होता, आजही आहे. मी स्वतः पोस्टर रंगवून लिफ्टशेजारी लावलं. बाबांनी कौतुकाने त्याचा फोटो काढून मराठी मंडळींच्या ग्रुपवर टाकला.

पहिल्या शनिवारी आले ते आठ मराठी काका. आठही जणांनी क्रिकेटची बॅट आणली होती! नववी होती मिहिका, वय वर्षं तेरा. घरी एकटी नको म्हणून तिला वडिलांनी शहराच्या दुसऱ्या टोकाहून, सेंगकांगहून, ओढून आणलं होतं. तिने त्या आठ बॅटांकडे पाहिलं आणि मला विचारलं, "ताई, दिस वन बेसबॉल ऑर नॉट?"

*

मिहिकाचे वडील विनयदादा. पुण्याचे, आयटीत मॅनेजर. कॉलेजात यष्टिरक्षक होते, आणि ते अजून कुणाला विसरू देत नाहीत.

बेसबॉलचा एकच नियम सांगते, पुढे लागणार आहे. चेंडू मारला की बॅट तिथेच टाकायची आणि पहिल्या बेसकडे धावायचं. बेस म्हणजे जमिनीवरची पांढरी चपटी उशी. चेंडू तुमच्या आधी तिथे पोचला तर तुम्ही बाद.

आमचा पहिला सामना जपानी वडिलांच्या संघाशी. विनयदादांनी चेंडू मस्त मारला आणि धावले. बॅटसकट! शेवटच्या दोन पावलांत त्यांनी स्वतःला झोकून दिलं, हात लांब केला, आणि बॅटचं टोक उशीवर टेकवलं. अंग बिचारं हातभर मागे. अंपायर होते आमच्याच ब्लॉकमधले मिस्टर लिन. त्यांनी बाद दिलं.

"पण बॅट आत आहे!" विनयदादा आडवे पडूनच ओरडले.

मिस्टर लिननी वाकून नीट पाहिलं. "हो," ते म्हणाले, "बॅट सेफ आहे. तुम्ही बाद."

*

जोशीकाकांची गोष्ट वेगळी. ते बॅट घेऊन धावत नसत. ते धावतच नसत!

त्यांनी एकदा चेंडू असा मारला की डावीकडचा माणूस शोधतच राहिला. आणि जोशीकाका? जागेवर उभे, हात वर करून ओरडतायत, "नो! नो! थांब!"

समोरच्या टोकाला कोणी नव्हतंच. बेसबॉलमध्ये तिथे जोडीदार नसतो. पस्तीस वर्षं जोडीदाराला परत पाठवणारा माणूस मोकळ्या गवताला परत पाठवत होता. शेवटी मिहिका बाकावर चढून किंचाळली, "अंकल, रन लाह! नोबडी देअर!"

जोशीकाका मग धावले. चेंडू त्यांच्या बराच आधी पोचला होता. परत येताना मला म्हणाले, "माझा कॉल बरोबरच होता. रन नव्हतीच तिथे."

*

मार्च संपत आला की अमेरिकेतला सीझन सुरू होतो. तिथली संध्याकाळ म्हणजे आपली सकाळ, त्यामुळे ऑफिसच्या दिवशी मी तांजोंग पगारपर्यंत ट्रेनमध्ये फोनवर सामना बघते, आणि शनिवारी सगळे मिळून हॉकर सेंटरच्या खाऊस्टॉलांवर नारळाच्या जॅमचा काया टोस्ट खाता खाता बघतो. दरवर्षी पहिल्या शनिवारी प्रत्येकाने विजेता सांगायचा.

गेल्या वर्षी मी पिचरांचे, म्हणजे चेंडू फेकणाऱ्यांचे, आकडे, दुखापती, कोण म्हातारं झालं, कोण नवीन आलं, सगळं मांडलं. माझं ठाम मत आहे की सामने फटक्यांनी गाजतात आणि पिचिंगने जिंकले जातात. मी बोलत राहिले, टोस्ट गार झाला.

मग चीफकाका बोलले. त्यांची ओळख पुढे करून देते, आत्ता एवढंच सांगते की त्यांनी सगळी अमेरिका फक्त बंदरांतून पाहिली आहे. "बाल्टिमोर," ते म्हणाले.

"का, काका?"

"तिथले क्रेनवाले वेळेवर येतात."

त्यांच्या शेजारी शैलाकाकू, म्हणजे त्यांची बायको. त्या फोनवरच्या खेळाडूंकडे बोट दाखवून म्हणाल्या, "माझे हे. यांचे कपडे किती स्वच्छ असतात बघ."

"काकू, जो संघ जमिनीवर लोळून खेळतो त्याचे कपडे मळायलाच हवेत!"

"म्हणून तर! तरी एवढे पांढरे. म्हणजे मागे कुणीतरी लक्ष घालणारं आहे."

सीझन संपला तेव्हा आम्हा तिघांत माझा संघ सगळ्यात खाली होता. काकूंचा सगळ्यात वर.

आमच्या स्वतःच्या संघाबद्दल मी "किमान चार सामने जिंकू" असं लिहिलं होतं. एकही जिंकलो नाही. विनयदादांनी माझी समजूत घातली. "भाकीत बरोबर आहे गं. वर्ष चुकलंय."

*

बॅटचा रोग घालवायला मी नियम केला. जो बॅट घेऊन धावेल त्याने खेळाच्या सामानाची थैली एमआरटीच्या, म्हणजे मेट्रोच्या, स्टेशनपर्यंत वाहायची. थैली जड, रस्ता चढाचा, ऊन सिंगापूरचं. दोन महिन्यांत सगळे बरे झाले.

चीफकाका सोडून.

प्रभाकर मयेकर, मूळचे मालवणचे. आयुष्यभर जहाजांवर, शेवटी चीफ इंजिनियर. आता बंदराजवळच्या एका ऑफिसात बसतात. साठी ओलांडलेली, गुडघे कुरकुरणारे, पण सरावाला सगळ्यांच्या आधी हजर. मी बाकामागे उभी राहून दर शनिवारी ओरडायचे, "चीफ, बॅट टाका!" आणि काका बॅट घट्ट धरून धावायचे, चेंडू आधी पोचल्याने बाद व्हायचे, आणि तक्रार न करता थैली उचलायचे.

इतक्या वेळा उचलली की स्टेशनवरचे मलय काका त्यांना "गुड मॉर्निंग, कोच" म्हणायला लागले. मी थैलीमागून रिकाम्या हाताने चालत असायचे. मला एकदा त्यांनी विचारलं, "तूही खेळतेस का?"

*

शेवटी मी काकांना कॉफी पाजायला नेलं. मनात भाषण तयार होतं. क्रिकेटचे संस्कार मोडले पाहिजेत, नव्या खेळाला नवं शरीर द्यावं लागतं, वगैरे. काकांनी सगळं ऐकून घेतलं.

"क्रिकेटचा संबंध नाही गं," ते म्हणाले. "मी शाळेतही कधी क्रिकेट खेळलो नाही. पहिल्या दिवशीची ती बॅट उसनी आणलेली."

"मग?"

"इंजिनरूममध्ये हातातलं हत्यार कुठेही टाकायचं नाही. जहाज डोललं की पाना घरंगळतो. आणि घरंगळला की कुणाच्या तरी पायाखाली येतोच. हत्यार एक तर जागेवर ठेवायचं, नाहीतर दुसऱ्या माणसाच्या हातात द्यायचं. मूठ त्याच्याकडे करून. हात ऐकत नाहीत आता दुसरं काही."

"काका, पण हे बुकित बातोक आहे. ते डोलत नाही."

काकांनी कॉफीचा घोट घेतला, आमच्या ब्लॉकांकडे एकदा नीट पाहिलं. "अजून तरी नाही," म्हणाले.

*

पुढच्या शनिवारी काकांनी माझ्यासाठी प्रयत्न केला. चेंडू मारला, चार पावलं बाजूला चालत गेले, बॅट कुंपणाला समांतर ठेवली, बोटाने ढकलून ती घरंगळत नाही याची खात्री केली, आणि मग धावायला लागले. तोपर्यंत जपानी संघाचा पहिल्या बेसवरचा माणूस चेंडू हातात घेऊन, त्यांची वाट बघून, जवळजवळ बसायला आला होता.

शैलाकाकू बाकावरून म्हणाल्या, "आणि घरी चहाचा कप! जिथे प्यायले तिथे! जन्मात जागेवर गेला नाही!"

सगळे हसलो. तो बेसवरचा माणूस मात्र हसला नाही. ओगावा-सान त्यांचं नाव, जुरॉंगला शिपयार्डमध्ये असतात. त्यांनी कुंपणाशी ठेवलेल्या बॅटकडे पाहिलं आणि पटल्यासारखी मान डोलावली.

*

यंदा गंमत थोडी अवघड झाली. विनयदादांच्या ऑफिसात मुंबईहून रोहन आला. पंचवीसचा, वाऱ्यासारखा धावतो, आणि पहिल्याच दिवशी चेंडू मारून बॅट अशी सोडली की मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. आता आम्ही दहा झालो. मैदानात नऊच. बाहेर कोण बसणार हे कुणी बोललं नाही, कारण सगळ्यांना माहीत होतं.

चीफकाकांचं कंत्राट डिसेंबरात संपतंय. त्याबरोबर इथे राहायचा पासही, आणि मग काका-काकू मालवणला. म्हणजे हा त्यांचा शेवटचा सीझन. आणि दोन वर्षांत काका एकदाही पहिल्या बेसपर्यंत पोचलेले नाहीत.

"त्यांना बाकी काही नको," काकू मला लिफ्टमध्ये म्हणाल्या. "एकदा त्या पांढऱ्या उशीवर उभं राहायचंय. मी म्हटलं, घरी चार आहेत, कुठल्याही उशीवर उभे राहा. तर रागावले."

काका स्वतः एवढंच म्हणाले, "केतकी, संघाच्या भल्याचं कर. मी पाण्याच्या बाटल्या भरेन."

संघाचं भलं मला स्वच्छ दिसत होतं. रोहन आत, तर दोन-तीन सामने नक्की. पहिल्या विजयासाठी मी दोन वर्षं घसा फोडला होता. मी ग्रुपवर लिहिलं: शनिवारचा सरावसामना झाला की रविवारी सकाळी नऊ जणांची नावं सांगते.

*

आता गेल्या शनिवारचं.

पुन्हा जपानी वडिलांचा संघ. शेवटचा डाव, दोन्हीकडे सारख्या धावा, आमचे दोन बाद. मिहिका तिसऱ्या बेसवर. ती घरी, म्हणजे फलंदाज उभा असतो त्या शेवटच्या बेसला, पोचली तर आम्ही जिंकलो; पुढचा, म्हणजे तिसरा, बाद झाला की डाव संपला. आणि पाळी चीफकाकांची.

विनयदादा माझ्या कानाशी आले. "सराव आहे. रोहनला पाठवता येईल."

रोहन आधीच उठून उभा होता. काकाही थांबले, बॅट मूठ पुढे करून त्याच्याकडे धरली. काकू बाटलीचं झाकण उगाच उघडत-लावत होत्या.

"काका, तुम्ही जा," मी म्हटलं. "फक्त एकदा बॅट टाका. एकदाच."

"टाकतो," काका म्हणाले.

पहिला चेंडू त्यांनी सोडला. दुसरा मारला. जोरात नाही, पण डावीकडे टप्पे खात गेला. मिहिका सुटली. काका सुटले. बॅट हातात!

"चीफ, बॅट टाका!" अख्खं बाक ओरडलं. मिहिका धावता धावता ओरडत होती, "ड्रॉप, अंकल, ड्रॉप!" पलीकडच्या ब्लॉकच्या गॅलरीतून कोणीतरी आजी चिनी भाषेत ओरडली, तिनेही बहुतेक हेच सांगितलं.

जपानी खेळाडूने चेंडू उचलला आणि सरळ पहिल्या बेसकडे फेकला. ओगावा-सान तिथे हातमोजा पुढे करून तयार. चेंडू येतोय, काका येतायत, गुडघे, धाप, घाम. आणि शेवटच्या पावलाला काकांनी बॅट फिरवली, मूठ पुढे केली आणि ओगावा-सानसमोर धरली.

ओगावा-साननी चेंडूवरची नजर काढली. दोन्ही हात पुढे केले, किंचित वाकले, आणि बॅट घेतली.

चेंडू त्यांच्या कानाजवळून गेला आणि मागच्या कुंपणावर आदळला. मिहिका घरी पोचली. काका पांढऱ्या उशीवर उभे होते, दोन्ही पाय जोडून.

मिस्टर लिननी माझ्याकडे पाहिलं. नियमांचं पुस्तक इथे मलाच पाठ आहे, हे सगळ्यांना ठाऊक. "केतकी? याला अडथळा म्हणायचं का?"

मी तोंड उघडलं.

"त्यांनी दिली," ओगावा-सान म्हणाले. "मी घेतली."

मग ते चार पावलं बाजूला गेले, बॅट कुंपणाला समांतर ठेवली, आणि बोटाने ढकलून बघितली.

"सेफ," मिस्टर लिन म्हणाले.

रविवारी सकाळी मी ग्रुपवर नऊ नावं टाकली. चीफकाका आहेत. रोहनला आधी फोन केला, जानेवारीत तुझी जागा नक्की, तो "चालेल ना" म्हणाला. भाकीत एका ओळीचं आहे: किती जिंकू माहीत नाही. आणि फलंदाजी करणाऱ्या संघाला पहिल्या बेसशेजारी आपला एक माणूस उभा करता येतो, ती जागा आम्ही दोन वर्षं रिकामीच ठेवली होती, कारण मी बाकामागे ओरडत असायचे. या सीझनला तिथे मी उभी राहणार आहे. दोन्ही हात मोकळे ठेवून.