अजून जोरात, सर

कदम सर निवृत्त झाल्यावरही गळ्यात शिट्टी घालूनच झोपत. मी शेजारी राहायचो म्हणून मला ठाऊक. जालन्यातल्या आमच्या शाळेत ते कवायत शिकवायचे. एका पोराचा पाय चुकला की सगळी ओळ उन्हात उभी. "घाम पुसायचा न्हाई. अंगातला आळस बाहेर निघून राह्यला, निघू दे." त्याच उन्हात एकदा माझी चड्डी ओली झाली. सरांनी मला तसंच मैदानाला चक्कर मारायला लावलं आणि नाव ठेवलं, नळ्या. पन्नाशी गाठली तरी मी त्यांचा नळ्याच होतो. ते प्रेमानं म्हणत, हे त्याहून वाईट.

त्यांची एकुलती मुलगी सुनंदा इटलीत. तिकडच्याच माणसाशी लग्न केलेलं. तिची लहानगी मीरा फक्त इटालियन बोलायची. रविवारी व्हिडिओ कॉल लागला की आजोबा आणि नात नुसतेच एकमेकांकडे बघत बसत. शेवटी सर म्हणाले, "मला कवायतीबिगर येतं काय? तीच शिकवतो, तिच्या भाषेत."

मोबाइलवर ऐकून ऐकून त्यांनी व्यायामाची वाक्यं पाठ केली. ओट्यावर बसून मला म्हणून दाखवत. 'स्क्येना द्रित्ता', पाठ ताठ. 'सू ले ब्राच्चा', हात वर. 'पियानो', म्हणजे सावकाश, हळू. हा शब्द ते अगदी जपून उच्चारायचे. "मोठी गोड भाषा हाय नळ्या. ओरडायला जमतच न्हाई तिच्यात."

जमलं. पहिल्या दिवशी सर इस्त्रीच्या पांढऱ्या ड्रेसमध्ये उभे, फोन मी धरलेला. मीरा खुदखुदत हात वर करत होती. मग तिची पाठ वाकली. "स्क्येना द्रित्ता!" सर कडाडले आणि शिट्टी फुंकली. पोर रडत पळालं.

संध्याकाळी सुनंदानं मला फोन केला. "दादा, मी सांगितलं तर आप्पा चिडतात. तुम्ही सांगा, हळू बोला म्हणावं. पुन्हा असं झालं तर कॉल कायमचे बंद. मी सोसलं ते माझ्या लेकीला नको."

सर ओट्यावर वाट बघत होते. "आवाज मोठा झाला का रे माझा?" त्यांनी मला असं कधीच काही विचारलं नव्हतं. चेहरा मार खाण्याआधीच्या पोरासारखा.

"न्हाई सर. तिला बराबर ऐकूच गेलं न्हाई. अजून जोरात, सर."

"अन् ते पियानो?"

"ते सोडा. त्यानं लेकरं ढिली पडतात."

आठवडाभर ते अंगणात ओरडून सराव करत राहिले. गल्ली हसायची. मी चहा घेत ऐकायचो. चहा गोड लागायचा, खोटं कशाला सांगू? पुढच्या रविवारीही फोन मीच धरला. पहिल्याच आरोळीला पडदा काळा झाला.

त्यानंतर दर रविवारी सर ड्रेस घालून बसत. "आज रेंज न्हाई वाटतं," मी म्हणे. ते मान हलवत. उन्हाळा सरता सरता गेले.

सुनंदा एकटीच आली. उशाची शिट्टी उचलत म्हणाली, "दादा, तुम्ही निरोप दिला होता ना?"

"दिला होता. ऐकलं न्हाई त्यांनी."

"वाटलंच मला."

शपथसुद्धा घ्यावी लागली नाही. तिनं शिट्टी केराच्या डब्यात टाकली आणि मोरीपाशी जाऊन हात पुढे केले. पाणी मीच घातलं.