सिलेंडरवरची रेघ

माझ्या सासऱ्यांइतका इंजिनाला जपणारा माणूस गोंदिया जिल्ह्यात दुसरा झाला नाही. यातली निम्मी काळजी त्यांनी माणसांची घेतली असती तर फुलचूरच्या लोकांनी त्यांचं देऊळ बांधलं असतं, असं सासूबाई म्हणत. आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात. मामाजी मेकॅनिक नव्हते. आयुष्यभर त्यांनी एका राईस मिलमध्ये पोत्यांचा हिशेब लिहिला. पण घरची जुनी स्कूटर आणि तिचं मूठभर इंजिन हा त्यांचा खरा संसार होता, आणि दर दोन-अडीच वर्षांनी तो अंगणात उघडून मांडल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

हा सोहळा बघण्यासारखा असे. सासूबाईंची परात रॉकेलने भरायची, नटबोल्ट त्यांच्या मसाल्याच्या डब्यात क्रमाने ठेवायचे, आणि सिलेंडरखालचं इंजिनाचं उघडं तोंड त्यांच्याच जुन्या लुगड्याच्या धुतलेल्या फडक्याने बंद करायचं, म्हणजे आत काही पडायला नको. एकदा एक वॉशर परत करायचा राहून गेला आणि वरणात निघाला. सासूबाईंनी तो मामाजींच्या ताटाच्या कडेला लोणच्याच्या जागी ठेवला. मामाजींनी उचलून निरखून पाहिला आणि म्हणाले, "सकाळपासून ह्यालेच शोधून राहिलो होतो." त्या दिवसापासून तो डबा कायमचा इंजिनाच्या मालकीचा झाला.

मामाजींचा सगळा जीव सिलेंडरच्या आतल्या भिंतीत होता. डोळे मिटून करंगळी आतून फिरवायची आणि हुं की उंहूं एवढंच म्हणायचं, ही त्यांची तपासणी. शेजारच्या गुरुजींनी एकदा अडकलेलं सिलेंडर हातोडीने ठोकून काढलं आणि त्याचे दोन पंखे, म्हणजे बाहेरच्या थंडाव्याच्या पातळ पट्ट्या, तोडले. मामाजी दोन महिने त्यांच्याशी बोलले नाहीत. समोरासमोर गाठ पडलीच तेव्हा "काऊन गुरुजी, पोरायलेही असेच ठोकता का?" एवढंच विचारून पुढे गेले. लोखंडाला घाई समजत नाही, पिस्टनवरची रिंग आपल्या जागी बसली की सिलेंडर आपणहून उतरतं, अडलं तर परत काढा, पण फिरवू नका, हे ते येईल त्याला सांगत. फिरवलं की रिंगचं टोक सिलेंडरच्या भिंतीतल्या, धूर जायच्या खिडकीत अडकतं आणि भिंतीवर रेघ ओढतं. रेघ आली की ताकद गेली.

माझ्या लग्नाच्या फोटोत सगळे आमच्याकडे बघताहेत, एकटे मामाजी मांडवाबाहेर. मंगलाष्टकं चालू असताना बाहेरच्या जनरेटरचा आवाज त्यांना खटकला होता. हातात अक्षता तशाच. पोरीच्या पाठवणीला ते रडले तेव्हा मी हेलावलो होतो. नंतर बायकोने सांगितलं, गाडी गल्लीबाहेर पडेपर्यंत ते तिच्या इंजिनाबद्दलही दोन शब्द बोलले होते.

मला या कामाचा मोह होता, पण मी पडलो जावई. आमच्या भागात जावयाला खुर्ची मिळते, चहा मिळतो, काम मिळत नाही. इंजिन उघडायच्या रविवारी मी देवरीच्या आमच्या घरून आलो की मामाजी अंगणात माझी खुर्ची इंजिनापासून चार हातांवर मांडत. मी पाना उचलला की तो हळूच काढून घेत. "तुमी बसा जवाईबापू. कपडे खराब होतील." मी चुकलो तरी मला कोणी चुकलात म्हणणार नाही, हेही त्यातच आलं. त्या मानाचा मला तेव्हा कंटाळा यायचा. त्याची भीती वाटायला हवी होती हे फार उशिरा कळलं.

नवं शतक लागून तीन-चार वर्षं झाली होती. मामाजींचा उजवा हात थोडा थरथरू लागला होता. कप बशीत ठेवताना वाजायचा. सासूबाई रोज म्हणत, आता इंजिन सोडा, कोण्या दिवशी बोट कापून घ्याल. शेवटी मामाजींनी घरातल्या सगळ्यांसमोर सांगितलं, "ज्या दिवशी माह्या हातानं सिलेंडर खराब होईल, त्या दिवशी पाना खाली ठेवीन. तवरक मले कोनी काही बोलू नोका." सासूबाईंनी तो विषय सोडला. मामाजींचा शब्द म्हणजे शब्द, हे त्यांना चाळीस वर्षांपासून ठाऊक होतं.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात स्कूटर उघडली. मीही होतो, खुर्चीवर. सगळं धुऊन पुसून झालं, करंगळी फिरवून "हुं" झालं, पिस्टनवर नव्या रिंगा चढल्या. आता सिलेंडर बसवायचं, आणि त्याआधी मामाजी नेहमी आंघोळ करत. अंगावरच्या धुळीचा एक कण आत गेला तरी भिंत खरवडते, म्हणून. "आलोच," म्हणून ते न्हाणीकडे गेले.

अंगणात मी एकटा. तेल लावलेलं सिलेंडर समोर. वाटलं, बसवून दाखवू, म्हातारा खूश होईल. उचलून पिस्टनवर धरलं, अंगठ्यांनी रिंगा दाबल्या, अर्धं उतरलं आणि अडलं. इथे परत काढायचं होतं. मी फिरवलं. थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे. आतून बारीक कट् असा आवाज आला. मी ते ओढून काढलं, रिंग नखाने जागेवर ढकलली, तेलाचं बोट फिरवलं आणि सिलेंडर होतं तिथे ठेवून खुर्चीवर येऊन बसलो. तेलाखाली काही दिसत नव्हतं. मीही फार निरखून पाहिलं नाही.

मामाजी धुतलेलं बनियन घालून आले. त्या दिवशी त्यांचा हात जास्तच थरथरत होता. दोनदा थांबले, मग सिलेंडर सरळ खाली उतरवलं. सासूबाई आणि माझी बायको दारात उभ्या होत्या. इंजिन जोडून झालं, तिसऱ्या किकला स्कूटर सुरू झाली आणि आतून पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा आवाज येऊ लागला. मामाजींनी लगेच बंद केली. सगळं पुन्हा उघडलं. डोळे मिटून करंगळी आत घातली. ती एका जागी थांबली.

"रेघ हाये," ते म्हणाले. मग आपल्या उजव्या हाताकडे बघून, "थरथरला. बसवतानाच वाटलं होतं मले."

त्यांनी पाना खाली ठेवला. सासूबाई, ज्यांना इतकी वर्षं हेच हवं होतं, आत निघून गेल्या. माझ्या ओठांवर वाक्य आलं होतं, तीन-चार शब्दांचं. तेवढ्यात मामाजी हात धुऊन म्हणाले, "आधी जवाईबापूले वाढा." आणि मी जेवायला बसलो. भात, वरण, वर तूप. सगळं खाल्लं.

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून मी त्यांच्याबरोबर गोंदियाच्या लेथवाल्याकडे गेलो. त्याने सिलेंडर उजेडात धरून पाहिलं. "एक ही तो लाइन है चाचा. बोअर मार देंगे, बडा पिस्टन डाल देंगे, नई हो जाएगी. हाथ तो कभी सबका चूकता है." मामाजींनी मान हलवली. सिलेंडर आतून कातून दुरुस्त झालं, एका मेकॅनिकने बसवलं, स्कूटर पुढे कितीतरी वर्षं सुरेख चालली. सिलेंडरवरची रेघ काढता येते, तिला उपाय आहे.

मामाजींनी मात्र पुन्हा इंजिन उघडलं नाही. कोणी विचारायला आलं तर म्हणत, "आता हात नाही राह्यला." रस्त्याने गाडी गेली की मान अजून तिरकी व्हायची, पण त्या गाडीला काय झालंय ते आता सांगत नसत. त्या दिवाळीला त्यांनी पान्यांची पेटी माझ्यासमोर ठेवली. वर ते लुगड्याचं फडकं, धुऊन घडी केलेलं. "तुमी बाजूले बसून पाह्यलं. तुमाले ठावूक हाये कसं करतात."

दर भेटीत मी ठरवायचो, आज सांगू. कधी पाहुणे असायचे, कधी ते आनंदात असायचे, कधी नसायचे. माझ्यासारख्या भित्र्या माणसाला कारणांचा तोटा नसतो. शेवटी ते अंथरुणाला खिळले तेव्हा एका दुपारी, सासूबाई उशाशी बसल्या असताना, मी सगळं सांगितलं. आंघोळ, फिरवणं, तो आवाज, नख, तेल. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि हसले.

"मन राखाले बोलून राहिले तुमी."

"नाही मामाजी, खरंच मीच केलं."

"बरं, तुमीच," म्हणत त्यांनी माझ्या हातावर थोपटलं आणि सासूबाईंकडे वळले. "पाह्य वो, माहा दोष आपल्या आंगावर घेऊन राहिला. असा जवाई कोनाले भेटते?"

सासूबाईंनी पदराने डोळे पुसले.

त्यानंतर मामाजी दीडेक महिना होते. अजूनही मी फुलचूरला गेलो की सासूबाई ती गोष्ट आल्यागेल्याला सांगतात, आणि माझ्या भातावर तुपाची धार जरा जास्त वेळ धरतात. मी मान खाली घालून जेवतो.