म्हशीच्या रंगाची हवा

हवा ही नाकानं घ्यायची नसून डोळ्यांनी बघायची वस्तू आहे, असं मानणारा माणूस अख्ख्या नाहूरमध्ये एकच आहे आणि तो नेमका माझ्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहतो. आमच्या बिल्डिंगच्या तिन्ही बाजूंना जुन्या इमारती पाडून टॉवर उभे राहतायत. थंडीत वारा पडला की ती सगळी धूळ आणि रस्त्यावरचा धूर आमच्याच गॅलऱ्यांत मुक्कामाला येतो, आणि पलीकडचा डोंगर दिवाळीला जो गायब होतो तो होळीलाच पुन्हा दिसतो. बाकीचे लोक खोकतात, खिडक्या लावतात आणि गप्प बसतात. समोरचे काका मात्र सकाळी सातला पांढऱ्या सुती कापडाचा तुकडा ओला करून गॅलरीच्या ग्रिलची एकच ठरलेली सळई पुसतात. एकदाच, डावीकडून उजवीकडे. मग कापड उजेडात धरून, एक डोळा मिटून निकाल देतात, "आज हत्ती."

काकांची सगळी नोकरी भांडुपच्या एका रंगाच्या कारखान्यात शेड जुळवण्यात गेली. त्यामुळे नुसतं 'काळं' म्हटलेलं त्यांना खपत नाही. उंदीर म्हणजे बरी हवा, हत्ती म्हणजे वाईट, आणि म्हैस म्हणजे वाट लागली. मोबाइलवर हवेचा आकडा येतो, हे मी एकदा त्यांना दाखवायला गेले. "आकड्याक रंग असता काय गो?" म्हणाले, आणि आठवडाभर माझ्याकडे असे बघत होते, जसा काही तो धूर मीच सोडलाय. मागच्या वर्षी लोकांच्या भल्यासाठी म्हणून त्यांनी लिफ्टच्या दारावर मोठ्या अक्षरांत 'आज म्हैस' असा कागद चिकटवला. दार उघडलं आणि आतून सेक्रेटरींची बायको बाहेर आली. ते भांडण मिटवायला सोसायटीची खास मीटिंग घ्यावी लागली. काका शेवटपर्यंत एवढंच म्हणत राहिले, "पण कापड बघा ना तुम्ही!"

हा सगळा खटाटोप काकूंसाठी. काकूंना दमा आहे. गेली पाच वर्षं दिवाळी झाली की काका त्यांना मालवणजवळ माहेरी, भावाकडे पाठवतात आणि इथून रोज कापडाचा फोटो धाडतात. होळीनंतर वारा सुटतो, सलग तीन दिवस उंदीर येतो, मग काकू बॅग भरतात.

"मग तुम्हीच जा की तिकडे," मी एकदा म्हटलं. तर म्हणे, जाऊन आलेत. पण त्याच महिन्यांत तिकडे आंबा मोहरतो, आणि काकांना मोहोर सोसत नाही. शिंका अशा सुरू झाल्या की मेव्हण्याच्या कोंबड्यांनी अंडी देणं बंद केलं, असं ते स्वतःच सांगतात. चौथ्या दिवशी डोळे सुजून मिटले तेव्हा मेव्हण्यानं हाताला धरून बसमध्ये बसवलं. चाळीस वर्षांचा संसार, आणि वर्षातले चार महिने दोघांना मिळून श्वास घेता येईल अशी जागा नाही! मला आधी हसू आलं, मग फार वाईट वाटलं.

त्या चार महिन्यांत काका माझी बेल वाजवून विचारतात, "डाळीक शिट्ट्या किती गो?" पाच वर्षं तेच. उत्तर त्यांना पाठ आहे, हे मला कळत नाही का? पण मी अंधेरीच्या ऑफिसातून वैतागून आलेली असते. माझ्याही घरात कुणी नाही, पण मला ते तसंच बरं वाटतं, निदान असं मी सांगते. "तीन," म्हणते आणि दार लावून घेते.

या जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी चुकून माझ्या दारात पडलेला त्यांचा पेपर द्यायला गेले. दार उघडंच होतं. काका गॅलरीत, हातात ओलं कापड, आणि टेबलावरच्या फोनच्या स्पीकरवर काकू. "ओ, माका हय कंटाळो इलोहा. मी येव काय?"

पाच वर्षांत काकूंनी असं कधी विचारलं नव्हतं. "कापड बघून सांगतंय," म्हणून काकांनी फोन ठेवला. कापड म्हणजे चक्क म्हैस होती. ते घेऊन काका मोरीत गेले, साबण लावला आणि खसाखसा घासायला लागले. मी पेपर घेऊन उभीच. कापड उंदरावर आलं तसं त्यांनी ते कठड्यावर पसरलं आणि फोटो काढला.

"काका, काय करताय तुम्ही?"

काकांनी एक डोळा मिटून तो फोटो बघितला आणि डिलीट केला. मग कपाटातून कोरा तुकडा काढला, ओला केला, खालची न पुसलेली सळई पुसली आणि तो काळाकुट्ट फोटो पाठवून दिला. लगेच फोन वाजला.

"येव नको गो. म्हैस आसा."

"तुमका एकट्याक बरा वाटता?"

"छ्या! एकटो खंय? ती समोरची रोज जेवक येता. बडबडून डोक्याचो भुगो करता."

माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. त्या घरात मी आजवर पाण्याचा ग्लाससुद्धा उचलला नव्हता. मला इतकी लाज वाटली की कुठे बघावं कळेना.

"काका, दुपारी भात टाकताय ना?"

"टाकतंय."

"माझापण टाका."

आमटी खारट होती, तसं मी सांगितलं. काका त्यावर भांडले, मीही भांडले. जेवण झाल्यावर हात धुता धुता त्यांनी विचारलं, "उद्या ऑफिस कितीक सुटता तुझा?"

"साडेसहाला."

"मगे आठ धरतंय," म्हणाले, आणि माझं ताट उचलून आत गेले.