दात सरकले, पण मशीन तर कपाटात होतं

सकाळपासून जिवाला चैन नाही, म्हणून इथे लिहिते.

दातांना तारा लावल्यात. दात लवकर सरकावेत म्हणून डॉक्टरांनी रोज वीस मिनिटं तोंडात धरायला थरथरणारं मशीन दिलं होतं. डोकं भणभणायचं, म्हणून महिनाभर मी ते कपाटातच ठेवलं.

आज दात बघून डॉक्टर खूश! काटोलहून मुलीला घेऊन आलेल्या काकूंना म्हणाल्या, "बघा, मशीनचा फायदा."

बाहेर काकूंनी विचारलं, "खरंच फरक पडते का वं? मंग पोरीलेही घेतो."

मी त्यांना घेऊन परत आत गेले, खरं सांगितलं. डॉक्टर ओशाळल्या. काकू म्हणाल्या, "मंग आमच्या पोरीचेही असेच सरकतीन!"

पण माझ्या एकटीच्या दातांवरून मशीन निकामी कसं ठरवू? तुमच्यापैकी कुणी ते खरोखर रोज वापरलंय का?