ठिपक्यांची मिरची

कृषी महाविद्यालयाच्या पहिल्या सुट्टीत दुबलगुंडीला आलो आणि आईच्या परसातलं मिरचीचं एक रोप उपटलं. त्याच्या पानांवर वाळके ठिपके होते. बाजारातून आणून लावलेली बाकीची रोपं हिरवीगार होती.

"कामून उपटलास? दरसाल असल्या ठिपक्याच्या रोपाचंच बी धरते मी."

मी तिला रोगावर भाषण ऐकवलं. त्या पावसाळ्यात बाकीची सगळी रोपं रोगानं पानं गाळून मेली.

पुढच्या वर्षी वर्गात शिकलो, की काटक रोपानं रोगाच्या जिवाणूचं प्रथिन ओळखलं, तर तिथल्या पेशी स्वतःच मरतात आणि रोगाला पुढं जाऊ देत नाहीत. तेच ते ठिपके. आईला हे सांगायचा धीर मला कधीच झाला नाही. ती मात्र शेवटपर्यंत शेजारणींना सांगायची, "माझ्या लेकाला झाडातलं लय कळतंय."